नवख्यांचे वकील दिगूभाऊ

माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आमच्या शेजाऱ्यांनी नापास करून परत आणली. दारात मांडव उभा राहत होता, सोयरेधायरे ओसरीवर चहा पीत होते आणि हे गृहस्थ पत्रिका हातात धरून सरळ मधोमध येऊन उभे राहिले.

"प्रभाकर, ही पत्रिका नापास आहे."

मांडववाला शिडीवरच थांबला. मी म्हटलं, काय झालं? नाव चुकलं की मुहूर्त चुकला?

"स्थळ म्हणून काय लिवलं आहे तुनं? वधूचे राहते घर. आता सानगडीहून एखादा पाहुणा पहिल्यांदाच पवनीत येऊन राहिला. त्यानं एसटीतून उतरून काय करावं? दारोदार विचारत फिरावं का, तुमच्या घरी वधू राहते का म्हणून?"

मी म्हणालो, "अहो, माझं घर कोणीही दाखवेल."

"तेच तर म्हणून राहिलो मी. जे कोणीही दाखवते, ते कोणी लिवत नाही. नवख्या माणसानं काय करावं, सांग."

हे दिगूभाऊ. 'नवख्या माणसानं काय करावं' हे त्यांचं पालुपद आणि 'नापास' हा त्यांचा निकाल. या दोन गोष्टी घेऊन ते पवनीभर फिरतात आणि ज्याच्या-त्याच्या मंगलकार्यात मिठाचा खडा टाकतात. माझं त्यांच्याशी वैर नाही, पण भिंतीला भिंत आहे, आणि ते वैरापेक्षा कठीण असतं.

त्यांचा धंदा सांगितला तर लोकांना थट्टा वाटते. आजकाल एआयचे एजंट निघाले आहेत. एजंट म्हणजे विम्याचा नव्हे, संगणकातला हुकमाचा ताबेदार. त्याला म्हणावं, अमुक तिकीट काढ, तमुक मागणी नोंदव. मग तो निरनिराळी सॉफ्टवेअरची टूल्स वापरून ते काम उरकतो. आता टूल कसं वापरायचं हे त्याला बाजूच्या खुर्चीवरच्या माणसाला विचारता येत नाही. टूलसोबत जे डॉक्युमेंटेशन असतं, म्हणजे वापराची लेखी माहिती, तीच त्याची आई आणि तीच त्याचा गुरू. ही माहिती एजंटाला पुरेशी आहे की नाही, हे तपासायचं काम दिगूभाऊ करतात. कुठल्याशा मोठ्या शहरातली कंपनी त्यांना टूल पाठवते. दिगूभाऊ ती माहिती एजंटाला वाचायला देतात, एक काम सांगतात आणि तो कुठे ठेचाळतो ते बघत बसतात. ठेचाळला की शेरा लिहितात. त्यांच्या शेऱ्यांना कंपनीतले लोक घाबरतात म्हणे. घाबरोत बिचारे. ते लांबून भोगतात, मी जवळून भोगतो.

त्यांचे बापआजे विणकर, तरुणपणी तेही. माग केव्हाच मोडीत गेला, पण मागाचा खड्डा तसाच आहे. विणणारा त्या खड्ड्यात पाय सोडून बसायचा. दिगूभाऊही तसेच बसतात, पाय खड्ड्यात, समोर फळीवर लॅपटॉप. माहिती इंग्रजीत असते आणि शिव्या आमच्या बोलीत. सकाळी मी दात घासत असलो की पलीकडून आवाज येतो.

"कायले लिवलं असं? 'योग्य ती किंमत भरा' म्हणे. योग्य म्हणजे कोणती, तुझ्या बुढ्याले विचारू का?"

मग पुन्हा, पण आता आवाज एकदम मऊ. "राहू दे बापू, तुई काही चूक नाही. तुले सांगतलंच नाही कोणं."

हा दुसरा आवाज एजंटासाठी असतो. माणसांच्या वाट्याला तो येत नाही.

'नेहमीच्या' हा शब्द दिसला की त्यांचं माथं भडकतं. दवाखान्याच्या दारावर 'डॉक्टर नेहमीच्या वेळेत भेटतील' अशी पाटी होती. दिगूभाऊंनी डॉक्टरांना बाहेर बोलावून विचारलं, की ज्याचं पोट आज पहिल्यांदाच दुखलं त्यानं काय करावं. देवळात 'चपला नेहमीच्या जागी ठेवाव्यात' असं लिहिलं होतं, तर हे चपला हातात घेऊन पुजाऱ्यासमोर उभे. माझ्या बायकोने, सुमनने, त्यांना एकदा फणसाच्या भाजीची कृती सांगितली. 'अंदाजाने तिखट टाका' इथपर्यंत ती आली आणि त्यांनी तिला थांबवलं. "वहिनी, अंदाज तुमच्यापाशी आहे. माह्यापाशी नाही. मी काय करावं?" सुमन तेव्हापासून त्यांना भाजी वाटीतून पाठवते, कृती सांगत नाही. हा माणूस जिंकला की हरला हे मला अजून समजलेलं नाही.

एकदा तर चौकातल्या चहावाल्याशी भांडण झालं. मोटारसायकलवरच्या एका परक्या माणसाने त्याला घाटाचा रस्ता विचारला. चहावाला म्हणाला, जिथे वड होता तिथून डावीकडे वळा. वड पडून जमाना झाला. आम्हाला अजून तो दिसतो, पण त्या माणसाला कुठून दिसणार? दिगूभाऊ बाकावरून उठले आणि चहावाल्याला सगळ्यांसमोर नापास केलं. मग स्वतः त्या परक्याच्या मागच्या सीटवर बसून वैनगंगेपर्यंत गेले आणि उन्हातान्हात पायी परत आले. चहा तसाच गार झाला. चहावाल्याने तोही त्यांच्या नावावर धरला, ते बरंच केलं म्हणेन मी.

इथवर मी सहन केलं. शेजारधर्म म्हणून केलं. पण या दिवाळीला त्यांनी माझ्या मुलाला नापास केलं, आणि तिथे माझं डोकं फिरलं.

माझा नितीन नागपूरला नोकरी करतो. आमच्या विणकरांच्या संस्थेसाठी त्याने स्वतःच्या हिमतीवर एक टूल तयार केलं होतं. पवनीत आता माग उरले थोडे, पण जे उरलेत त्यांच्या साड्यांना बाहेर मागणी आहे. मोठ्या दुकानांचे एजंट परस्पर मागणी नोंदवतील, विणकराच्या मोबाइलवर निरोप जाईल, मधे कोणी दलाल नाही, असं ते टूल. पोराने रात्रंदिवस खपून केलेलं त्याचं पहिलं स्वतःचं काम. संस्था ते घेणार, हे जवळपास ठरलं होतं. पण अध्यक्षांनी पाचर मारली. म्हणाले, आम्हाला यातलं समजत नाही, दिगूभाऊ पास म्हणाले तर घेऊ. मंडईच्या आधी सांगा, नंतर लोक पाहुण्यांत गुंततील.

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्राच, भरते, घराघरात पाहुणे उतरतात आणि कामाचं कोणी नाव काढत नाही. म्हणजे हातात होते मोजके दिवस. मी नितीनला म्हटलं, घाबरू नको. दिगूभाऊंनी तुला कडेवर खेळवलं आहे.

आम्ही दोघे त्यांच्याकडे गेलो. दिगूभाऊंनी पाय खड्ड्यात सोडले, नितीनने लिहिलेली माहिती एजंटाला दिली आणि काम सांगितलं, "एका दुकानाची साडीची मागणी रद्द करायची आहे."

एजंटाने माहिती वाचली. मागणी रद्द करायची कशी हे नितीनने छान लिहिलं होतं. एजंटाने त्याबरहुकूम मागणी रद्द केली. पडद्यावर आलं, काम झालं. मी नितीनच्या पाठीवर थाप मारली.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं आणि रामाजी आत आले. रामाजी आमच्या आळीतले जुने विणकर. चाचणीसाठी कोणाचा तरी मोबाइल नंबर हवा म्हणून नितीनने त्यांचाच टाकला होता, आणि त्यांना ते सांगायचं राहून गेलं होतं. धोतराचा सोगा हातात, दुसऱ्या हातात मोबाइल, डोळे लाल.

"कोण म्हणते, माहा ताणा उतरव म्हणून? काल पाजणी केली मी. कोण आहे थो?"

पाजणी म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर दिगूभाऊ हेही नापास करतील. ताणा म्हणजे साडीचे उभे धागे. विणण्याआधी ते लांब ताणून त्यांना खळ पाजतात, कुंच्याने घासतात आणि वाळवतात. अख्खं घर पहाटेपासून त्यात राबतं. आणि आमच्याकडचा रिवाज असा, की एकदा पाजणी झाली की मागणी मागे घ्यायची नाही. सावकार असो की सख्खा भाऊ, पाजणीनंतर कोणी नको म्हणत नाही. म्हणालाच तर त्याच्या दारी पुन्हा कोणी पाणी पीत नाही.

रामाजींना पाणी देऊन, समजूत घालून, ही नुसती चाचणी होती असं शपथेवर सांगून परत पाठवलं. मग दिगूभाऊ नितीनकडे वळले.

"हे कुठं लिवलं आहे?"

"काय?"

"पाजणी झाली की रद्द करायचं नाही, हे."

"हे कायले लिहायचं, काका?" नितीन वैतागला. "एवढं तर सगळ्यांले माहीत आहे."

झालं. आगीत तेल पडलं. दिगूभाऊ खड्ड्यातून उठून उभे राहिले. "सगळे म्हणजे कोण? तू, मी, रामाजी. आणि हा? ह्याले कोण सांगतलं? ह्याले जे वाचाले देल्लं ते ह्यानं वाचलं. जे देल्लं नाही, ते काय ह्याच्या सपनात येईन? तुमी सांगत नाही, आणि चुकलं का त्याच्यावरच बोंबलता. नापास."

"काका, चार दिवसांत मंडई आहे."

"मंडई आहे म्हणून पास करू का? नापास."

नितीन घरी येऊन आडवा झाला. जेवला नाही. सुमनने करंज्या पुढे केल्या तर म्हणाला, नागपूरले जातो उद्या, मले नाही करायचं काही. पंचविशीतलं पोर, तोंड लहान मुलासारखं करून भिंतीकडे वळून पडलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या यंत्राला मऊ आवाजात बापू म्हणायचं आणि माझ्या हाडामांसाच्या पोराला तोडायचं, हा कुठला न्याय?

सकाळी उठून मी त्यांच्या दारात गेलो आणि मनात होतं नव्हतं ते सगळं बोललो. पत्रिकेपासून सुरुवात केली. म्हणालो, तुम्हाला कोणाचं बरं झालेलं बघवत नाही. आणि नापासच करायचं असेल तर त्या एजंटाला करा, चूक त्याने केली.

दिगूभाऊंनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "थो नवखा आहे, प्रभाकर. नवख्याले मी नापास नाही करत."

"आणि नितीन?"

"नितीन ह्याच घरचा आहे. त्याले माहीत होतं, अन् त्यानं सांगतलं नाही. पोट्टा हुशार आहे. म्हणूनच राग येऊन राहिला मले. पाठव त्याले."

पोरगं बॅग भरून बसलं होतं. मी त्याला काय सांगितलं ते इथे लिहीत नाही, पण तो गेला.

पुढचे दिवस ते दोघे त्या खड्ड्याच्या काठावर होते. सुमन इकडून डबे पाठवत होती आणि भिंतीतून मला भांडण ऐकू येत होतं. नितीनने हट्टाने पानंच्या पानं लिहिली; हातमागाचा इतिहास काय, पवनीची थोरवी काय. दिगूभाऊंनी तेही नापास केलं. "पुराण नको सांगू गा. तेवढ्यात ज्याले काम करायचं आहे थो झोपून जाईन. काय करायचं, काय नाही करायचं, अन् केलं तर काय बिघडते, एवढं सांग." मग नितीनने इतकं कमी लिहिलं की एजंटाने साडी सोडून नुसत्या काठाची मागणी नोंदवली. पुन्हा नापास. हळूहळू नितीनचा आवाज बदलला. 'सगळ्यांले माहीत आहे' असं तो आता म्हणत नव्हता. एकदा तो स्वतःच म्हणाला, "काका, 'लवकर' लिहिलं आहे मी इथं. लवकर म्हणजे काय ते कसं समजेल त्याले?" त्या दिवशी दिगूभाऊंनी आमच्या घरची करंजी आग्रहाशिवाय खाल्ली.

मंडईच्या आदल्या दुपारी मी गेलो तेव्हा शेवटची चाचणी चालू होती. दिगूभाऊ नितीनला म्हणाले, "एकच राहिलं. सगळं लिवून झालं तरी अडते माणूस. अडलं तर कोणाले विचारायचं, हे लिव. अन् विचारलं तर चालते, हेही लिव."

"चालते, हे पण लिहायचं?"

"हेच आधी लिव."

नितीनने लिहिलं. दिगूभाऊंनी एजंटाला पुन्हा तेच काम दिलं, साडीची मागणी रद्द करायचं. आम्ही तिघेही पडद्याकडे बघत होतो. मला यातलं ओ की ठो कळत नाही, तरी मीही.

या वेळी मागणी रद्द झाली नाही. पडद्यावर ओळ आली: 'या ताण्याची पाजणी झाली आहे का? मला हे माहीत नाही. रद्द करण्याआधी कृपया सांगा.'

नितीनने दिगूभाऊंकडे बघितलं. दिगूभाऊ म्हणाले, "पास." पोरगं टुणकन उठलं आणि अध्यक्षांना फोन लावत अंगणात धावलं. मला इतका आनंद झाला की सगळा राग विसरून मी त्यांचा हात धरणार होतो.

पण ते पडद्याकडेच बघत राहिले होते. उत्तर देत नव्हते. ओळ तशीच थांबली होती.

"आता काय राहिलं?" मी विचारलं. "त्याला काय तहानभूक आहे? यंत्र आहे ते. विचारलं त्याने, झालं काम."

"शांतानंही विचारलं होतं," ते म्हणाले.

शांता ही त्यांची बायको. हे नाव त्यांच्या तोंडून मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. ती बपेरा गावची, शेतकऱ्याच्या घरची. लग्न होऊन आमच्या आळीत आली आणि पहिल्याच वर्षी माहेरी गेली, ती पुन्हा आली नाही. आळीचं तिच्याबद्दल एकच म्हणणं होतं, की तिला विणकराचं घर समजलं नाही. कारण नव्या नवरीने भाताची पेज शेजारच्या शेळीपुढे ओतली. आमच्याकडे पेज कोणी ओतत नाही, तिची खळ होते. ती जपून ठेवतात. त्या दिवशी पाजणी होती आणि पेज नव्हती. सासूपासून गडीमाणसांपर्यंत सगळे तिच्यावर ओरडले होते, ते मी भिंतीपलीकडे ऐकलं होतं. तिचा आवाज काही आला नव्हता.

"कधी विचारलं होतं?" मी म्हणालो.

"त्याच सकाळी. पेजेनं भरलेला गंज हातात घेऊन इथं उभी होती, दारापाशी. म्हणे, ह्या पेजेचं काय करू जी. मी मागावर होतो. मी हासलो, प्रभाकर. म्हटलं, एवढंही शिकवलं नाही का तुले मायबापानं."

"मग?"

"मंग काही नाही. तिनं पुन्हा कधी काही विचारलं नाही."

अंगणातून नितीनचा आवाज येत होता. तो अध्यक्षांना मोठमोठ्याने सांगत होता की दिगूकाका पास म्हणाले. मला एकदम फार वाईट वाटलं. या माणसावर मी आयुष्यभर चिडत आलो आणि आता चिडायला काही सापडेना.

दिगूभाऊंनी चष्मा पुसला, फळी जवळ ओढली आणि दोन बोटांनी, सावकाश, उत्तर लिहिलं. मी वाकून वाचलं.

'पाजणी झाली आहे. रद्द करू नको. विचारलंस, बरं केलंस.'